इंग्रजी घेऊन बी.ए. आणि मग मास्तरकी? (कालच्या पोस्टला उत्तर)

कातळावरची
काल इथे एकाने लिहिलं, "इंग्रजी घेऊन बी.ए. म्हणजे तीन वर्षं कविता वाचायच्या. शाळेत शिकवायला त्याचा काडीचा उपयोग नाही, मुलीला डी.एड. करा नाहीतर नर्सिंगला घाला." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींत उत्तर देणार होते, जमलं नाही.

मी रत्नागिरी तालुक्यात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे माझ्याकडे येणारं पोर सात वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. आणि "काल काय केलंस?" एवढं इंग्रजीत विचारलं की मान खाली. धडा मराठीत सांगितलेला, उत्तरं फळ्यावरून उतरवलेली, कारण शिकवणाऱ्यालाच वाक्य फिरवता येत नव्हतं. दहावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं, पेढे वाटतात. त्यातल्या कितीजणांना पुस्तकाबाहेरचा उतारा कळतो ते अकरावीच्या सरांना विचारा.

आणि बी.ए.ला नुसत्या कविता नसतात हो. माझ्या वेळी मुंबई विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला व्याकरण आणि लेखनाचा स्वतंत्र पेपर होता. मुलाचं वाक्य नेमकं कुठे आणि का चुकलं, हे मला तिथे कळायला लागलं. बी.एड.मध्ये पाठ टाचण लिहायला शिकले.

दाभोळखाडी
ती पोस्ट माझीच. बाई, भाषण झकास. नोकरी कुठाय ते सांगा. बी.ए. तीन वर्षं, बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं. मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. ती २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३, मग २०२५. मधल्या काळात पोरीने काय माड मोजायचे? सगळं जमलंच तर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर, महिना सोळा-अठरा हजार. माझ्या भाचीने हेच केलं. एका विनाअनुदानित शाळेत राबली, कायम करायची वेळ आली तेव्हा संस्थेने पैशांचा आकडा सांगितला. आता मोबाईलच्या दुकानात आहे. सुखात आहे.

कुडाळचो
नोकरी खंय गेली म्हणान काय इचारतास? आमच्या जिल्ह्यातली डी.एड. झालेली चेडवां-झील घरात बसान आसत. भरती झाली की घाटावरचे येतत, थोडी वर्षां काढतत आणि आंतरजिल्हा बदली घेवन जातत. शाळा परत रिकामी!

परका मास्तर
मी त्या घाटावरच्यांतला, मूळ बीडचा. मंडणगडात एका वाडीवर आहे. पटावर मुलं सात. दोन शिक्षकी शाळेत सध्या एकटा. पोषण आहार, ऑनलाईन माहिती, वेळ उरला तर शिकवणं. पावसात साकव बुडाला की शाळेतच मुक्काम. वाडीतली बाकीची मुलं कुठायत? व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात. तिथे शिकवतं कोण, तर बारावी झालेली ताई. तिचं शिक्षण कोणी विचारत नाही, टाय आणि बूट बघून फी भरतात.

कुडाळचो
गजालीन घो खाल्लो. बदलीचो अर्ज भरलंस काय नाय, ता सांग आधी.

परका मास्तर
भरलाय. आईवडील तिकडे एकटे आहेत. तुमचे चाकरमानी गणपती सोडून कधी परत येतात का? मग मलाच का बेड्या?

कुडाळचो
चाकरमान्यांचा नाव काढू नको हां. ते सरकारचो पगार खायत नाय.

दाभोळखाडी
घ्या! विषय इंग्रजीचा, भांडण घाटाचं.

बालवर्गाची बाई
मी डी.एड.वाली. कातळावरची ताई, "वाक्य फिरवता येत नव्हतं" हे कोणाला उद्देशून ते कळलं बरं. चार इयत्ता एका खोलीत बसवून बघा एकदा. पहिलीचं पोर घरची बोली घेऊन येतं, त्याला गाणी-खेळांतून इंग्रजीकडे न्यावं लागतं, ते तुमच्या कुठल्या पेपरात होतं? वर सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा. एवढी नोकरी झाल्यावर रात्री पुस्तकं घेऊन बसतेय मी. आणि इथे अक्कल काढताय.

कातळावरची
पहिली-दुसरीचं मान्य. ते मला जमणार नाही. पाचवीच्या पुढे मात्र विषय येणारा माणूसच हवा, तिथे मी हटणार नाही. दाभोळखाडी, तुमच्या आकड्यांशी वाद नाही. पण भाचीला इंग्रजीने नाही, संस्थाचालकाने घालवलं. तेवढं तरी कबूल करा.

दाभोळखाडी
कबूल, शंभरदा कबूल. संस्थाचालकाला कसं पटवायचं याचा पेपर बी.ए.ला कितव्या वर्षी असतो?

हर्णैची
मी वाचतेय सगळं. बारावी कॉमर्स झाले, इंग्रजीत चांगले मार्क आहेत, शिकवायला आवडतं. करू का बी.ए.?

दाभोळखाडी
नको.

कातळावरची
कर. कॉमर्सवरून बी.ए.ला जाता येतं. इंग्रजी मेजर म्हणजे मुख्य विषय घे आणि कॉलेजात मिळत असेल तर इतिहास मायनर, म्हणजे जोडविषय. सहावी ते आठवीच्या टीईटीत दीडशेपैकी साठ गुण सामाजिक शास्त्राचे, नाहीतर गणित-विज्ञानाचे असतात, इंग्रजीवाले तिथेच अडकतात. नववी-दहावीला शिकवायचं असेल तर टीईटी लागत नाही, अभियोग्यता लागते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, शोधत फिरू नकोस, तिचे अर्ज आधीच निघतात.

परका मास्तर
आणि मंडणगडला ये. एक जागा रिकामी आहेच, माझी बदली झाली की दुसरी पण होईल.

कुडाळचो
बघलास! मी काय सांगी होतंय?