नवी नळी बसवलेल्या .३१५ रायफलचा हेडस्पेस घरी तपासता येईल का?

प्रश्न : काटोल रोड, नागपूर

वडिलांच्या पश्चात वारसाहक्काने रीतसर माझ्या परवान्यावर नोंदवलेली इशापूरची .३१५ रायफल माझ्याकडे आहे. जुनी नळी आतून गंजाने खाल्ली गेल्यामुळे शहरातील एका परवानाधारक दुकानामार्फत नवी नळी बसवून घेतली. तेव्हापासून झाडलेल्या पुंगळ्यांवर बुडाच्या किंचित वर एक चकचकीत वलय दिसते, आणि त्यांपैकी एका पुंगळीला त्याच जागी केसासारखी बारीक चीर गेली आहे. हिंगणा एमआयडीसीत माझ्या एका मित्राचे लेथ आहे. त्याचे म्हणणे असे की, नळी उघडून तिचा खांदा (आट्यांच्या पुढची, रायफलच्या सांगाड्याला टेकणारी पायरी) थोडा कातला आणि ती पुन्हा आवळली की हेडस्पेस बरोबर होईल. परदेशात लोक हे काम घरच्या घरी करतात, असे व्हिडिओही त्याने दाखवले. हेडस्पेस नेमका कसा मोजतात, आणि हे काम आम्ही करावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त आर्मरर (शस्त्रदुरुस्ती कारागीर), कामठी

सर्वप्रथम या रायफलमधून गोळी झाडणे आजपासून थांबवावे. चिरलेली पुंगळी हा इशारा आहे; पुढच्या वेळी बूड पूर्ण सुटले, तर तप्त वायू मागे झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद असताना त्याच्या तोंडापासून काडतुसाला जेथे अटकाव होतो तेथपर्यंतचे अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०-०६ सारख्या बिनकडेच्या काडतुसात हा अटकाव काडतुसाच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तेथे होतो, तर .३१५ किंवा .३०३ मध्ये तो बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर होतो. अंतर जास्त असेल तर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सुई) काडतुसाला पुढे ढकलते, दाब चढताच पुंगळीची पातळ भिंत चेंबरला (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेला) घट्ट चिकटते, जाड बूड मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे सरकते, आणि या ओढाताणीत पितळ बुडाच्या थोडे वर ताणून पातळ होते. आपल्याला दिसणारे वलय बहुधा हेच आहे. खात्री करायची असेल तर कागदाच्या क्लिपचे टोक काटकोनात वाकवून रिकाम्या पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढावे; पितळ पातळ झाले असेल तर टोक तेथे खाचेत अडकल्यासारखे जाणवते.

तरीही दोष नळी बसवणाऱ्याचाच आहे, असे लगेच म्हणता येणार नाही. आपली .३१५ ही जुन्या ली-एनफिल्डच्या धर्तीची रायफल असून या घराण्यातील रायफलींचे चेंबर मुळातच सैल ठेवलेले असतात. युद्धात चिखलमातीतही काडतूस आत जावे हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे रिमवरचा हेडस्पेस मापात असूनही पुंगळी काही प्रमाणात ताणली जाते. शिवाय दुकानात साफसफाईच्या वेळी दोन रायफलींचे बोल्ट आपसांत बदलले जाणे अशक्य नाही, म्हणून बोल्टवरचा क्रमांक रायफलच्या क्रमांकाशी जुळतो का, हे आजच पाहावे. माझ्या मते नळीच्या आधी संशय बोल्टवर घ्यावा.

उत्तर २ : टूलरूम फिटर, हिंगणा

आपल्या मित्राचे गणित अर्धेच बरोबर आहे. खांदा कातला की नळी आत जाते आणि हेडस्पेस कमी होतो, हे खरे. पण नळी त्यासोबत फिरतेही, आणि मग माशी (नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण) डावी-उजवीकडे कलते व नळीच्या मागच्या तोंडावर एक्स्ट्रॅक्टरसाठी (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्यासाठी) असलेली खाच जागेवर राहत नाही. ली-एनफिल्डमध्ये बोल्टचे तोंड वेगळे फिरवून काढता येते आणि हेडस्पेस साधारणपणे ते तोंड बदलूनच जुळवतात; तिच्याच ‘नंबर चार’ या प्रकारासाठी तर ० ते ३ अशा क्रमांकांची, उत्तरोत्तर लांब होत जाणारी तोंडे मुद्दाम बनवली होती.

व्हिडिओतील रायफली वेगळ्या असतात. अमेरिकेतील सॅव्हेज ११० मध्ये नळीवर एक मोठा नट असतो. चेंबरमध्ये गेज (ठरावीक मापाचा तपासणीचा ठोकळा) ठेवून बोल्ट बंद करायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि नट आवळायचा, एवढ्यावर काम होते. एआर-१५ मध्ये बोल्ट ज्यात अडकतो तो भाग कारखान्यातच नळीवर बसवलेला असतो. तरीही तेथे गेजने तपासल्याशिवाय कोणी शहाणा माणूस गोळी झाडत नाही.

गेजचा हिशेब असा : ‘गो’ गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये, आणि ‘फील्ड’ गेजवरही बंद झाला तर रायफल वापरातून काढावी. .३०-०६ साठी ‘गो’ १.९४० इंच आणि ‘नो-गो’ १.९४६ इंच असतो; म्हणजे सारा खेळ वर्तमानपत्राच्या दोन कागदांच्या जाडीइतका. तपासताना चेंबर कोरडे व स्वच्छ हवे, एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन काढलेली हवी, आणि बोल्ट दोन बोटांनीच फिरवायचा. जोर लावला की माप खोटे येते आणि गेजही खराब होतो. .३०३ चा गेज .३१५ ला चालणार नाही, कारण दोन्हींच्या रिमची मापे वेगळी आहेत. काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टी लावून पाहण्याची युक्ती लोक सांगतात. तिच्यावर जीव टांगू नये.

उत्तर ३ : वकील, सिव्हिल लाइन्स

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्रांची निर्मितीच नव्हे तर दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांनाही स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगासाठी किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आपला परवाना रायफल बाळगण्याचा आहे. आपल्या मित्राकडे तर तोही नाही. तेव्हा लेथवर नळी चढवण्याचा विचार मैत्रीखातरसुद्धा करू नये. नळीवर क्रमांक असेल तर तो परवान्यातील नोंदीशी जुळतो का, हेही तपासावे. आपण शहर हद्दीत राहत असाल तर नोंदीसंबंधीचा अर्ज पोलीस आयुक्तालयात करावा लागेल, ग्रामीण भागात असाल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काका, आपण सांगितल्याप्रमाणे बोल्ट पाहिला. त्याचे शेवटचे दोन आकडे रायफलच्या क्रमांकाशी जुळत नाहीत. दुकानदाराकडे जाताना काय काय सोबत न्यावे?

उत्तर १ : निवृत्त आर्मरर, कामठी

मूळ परवाना, रायफल, हा बोल्ट, चिरलेली पुंगळी आणि वलय असलेल्या दोन-तीन पुंगळ्या न्याव्यात. आपला मूळ बोल्ट त्यांच्याकडे सापडतो का, ते आधी विचारावे. सापडला तरी .३१५ चे गेज लावून तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी, आणि कोणत्या गेजवर बोल्ट बंद झाला व कोणत्यावर झाला नाही, हे पावतीवर लिहून मागावे. गेजच नसल्याचे त्यांनी सांगितले, तर काम त्यांच्याकडे देऊ नये.