परवानगी, मुभा की हक्क?

उद्यमनगरवाला:
आमच्या वर्कशॉपात कास्टिंगची ड्रॉइंगं एका सामायिक स्टोरेजवर असतात. डिझाइनला विंडोज, मालकांकडं मॅक, मशीनजवळच्या पीसीवर लिनक्स. मराठीत सूचना लावायच्यात. फाईल कुणी वाचायची, कुणी बदलायची त्या 'पर्मिशन'ला काय लिहू? 'परवानगी' लिहिलं तर पोरं रोज दारात, "साहेब, द्या की परवानगी!"

रंकाळाकाठ:
पोरांचं बरोबर आहे. परवानगी दर वेळी मागायची असते. फाईलवर असतो तो एकदा नोंदलेला हक्क. सातबाऱ्यावर भोगवटादार वेगळा आणि 'इतर हक्क' वेगळे, तसेच लिनक्सचे तीन रकाने: मालक, गट, इतर. वाचनाला ४, लेखनाला २, चालवण्याला १. ६४० म्हणजे मालकाला वाचन-लेखन, गटाला नुसतं वाचन, बाकीच्यांना काही नाही.

उद्यमनगरवाला:
आणि फोल्डर 'चालवायचा' कसा? ढकलून?

रंकाळाकाठ:
तिथं 'शिरकाव' लिहा. वाचनहक्कानं आतली नावं दिसतात, पण शिरकाव नसेल तर फाईल उघडत नाही. आणखी एक गंमत: फाईल पुसायला लेखनहक्क लागतो तो फोल्डरवर, फाईलवर नव्हे. "फाईल माझ्या नावावर, मग पुसली कुणी?" हे भांडण तिथलंच.

शब्दवेडा:
विंडोजसाठी दोन शब्द लागतील. 'अलाऊ'ला मुभा (मूळ अरबी मुबाह, म्हणजे निषिद्ध नसलेलं) आणि 'डिनाय'ला मज्जाव. लिनक्सच्या तीन रकान्यांत मज्जाव असा नसतोच, फक्त हक्क नसतो. विंडोजात एकाच पातळीवर मज्जाव मुभेला हरवतो. पण वरच्या फोल्डरकडून वारशानं आलेला मज्जाव फाईलवर थेट दिलेल्या मुभेपुढं टिकत नाही. 'वारसा' शब्द इथं झकास बसतो.

उद्यमनगरवाला:
मॅकवरनं टाकलेली फाईल लिनक्सवर भलत्याच्याच नावावर दिसते ती का?

रंकाळाकाठ:
एनएफएसनं (नेटवर्कवरनं फाईली वाटायची एक पद्धत) जोडलंय वाटतं. त्याच्या साध्या पद्धतीत माणसाचं नाव नाही, नंबर जातो. मॅकवरचा पहिला माणूस ५०१, बहुतेक लिनक्सवर १०००. सांबानं (फाईली वाटायची दुसरी सोय) जोडा, तो नावानं लॉगिन घेतो. मग सगळ्यांना एका गटात घाला. वैतागून ७७७ मात्र करू नका, तो रंकाळ्याचा कट्टा झाला, कुणीही यावं, बसावं. आणि सूचनेत 'गट नंबर' लिहू नका, पोरं जमीन शोधत बसतील.

उद्यमनगरवाला:
लावली सूचना: 'वाचनहक्क सर्वांना, लेखनहक्क डिझाइन गटाला.' सकाळीच एकानं विचारलं, "साहेब, लेखनहक्कासाठी परवानगी कुणाची घ्यायची?"