मदत हवी आहे : तलावासाठी मुलांचा स्वयंसेवक गट वर्षभर कसा टिकवायचा? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही सोनेगाव तलावाजवळ राहतो. सातवी ते नववीतली पंधरा-वीस पोरं अन् आम्ही चार-पाच पालक, एवढाच गट. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, कुणाला नगरसेवक व्हायचं नाही (हे आधीच सांगितलेलं बरं, लोक तेच विचारतात).

आपल्याकडे सफाईला माणसं कमी पडत नाहीत. हातमोजे, टोप्या, ग्रुप फोटो, मग नाश्ता. पुढच्या रविवारी निम्मे गायब. झाडांचंही तेच. जूनच्या शेवटी रोपं लावायला सगळे हजर, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा बादली घेऊन कोण जाणार? म्हणून कचरा उचलण्यापलीकडे, मुलं काही शिकतील आणि दर महिन्याला करतील असं काम हवंय.

डोक्यात असलेलं असं : थंडीत पक्षी मोजणे, गणपतीत निर्माल्य गोळा करणे, पाणी तपासणे. पाण्याचं मला काहीच कळत नाही. महागडं किट न घेता शाळकरी मुलांना काय मोजता येईल? आणि रोपांचं काय करावं?

प्रतिसाद १
ताई, पाण्याचा गढूळपणा मोजा. २० सेंमी व्यासाची तबकडी घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा आणि खुणा केलेल्या दोरीने पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी काढा. याला सेक्की तबकडी म्हणतात. जागा आणि वेळ दर वेळी तीच ठेवा, भर दुपारच्या आसपासची. तबकडी तळाला टेकूनही दिसत असेल तर तो आकडा बाद, थोडी खोल जागा शोधा. दोरी मोठ्या माणसाच्याच हातात हवी, मुलांनी वही धरावी. पावसाळ्यानंतरचे आणि मार्चचे आकडे शेजारी ठेवले की पोरंच प्रश्न विचारायला लागतात.

प्रतिसाद २
पक्ष्यांसाठी ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह धरा. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवशी सुरू होतो, सालिम अलींच्या वाढदिवशी संपतो. नंतर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट (जगभर एकाच वेळी होणारी पक्षीगणना) असतो, पंधरा मिनिटांची यादीही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चालते. यादी जगभरच्या नोंदींत जाते म्हटल्यावर आमची पोरं पहाटे न उठवता उठायची.

रोपं कमी लावा भाऊ. दहाच, पण कडुलिंब, करंज अशी इथली. दोन मुलांमागे एक झाड, आणि दोन उन्हाळे पाणी घालायचं कबूल असेल तरच खड्डा खणायचा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. (प्रतिसाद २, मी भाऊ नाही, ताई आहे!) तबकडी या रविवारी बनवतो. तलावाकाठी मुलांना न्यायचं म्हणजे पालकांचं संमतीपत्र लागेल. कुणाकडे मराठीत तयार मसुदा असेल तर इथेच डकवा. आणि काठावर रोपं लावायला परवानगी महापालिकेच्या कोणत्या विभागाकडे मागायची? झोन कार्यालय की उद्यान विभाग?