सरळ केसांचे ड्रेडलॉक्स: सात आठवडे झाले, मुळाशी सगळं सुटतंय

मागावरची

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझे केस म्हणजे घोड्याची शेपटी. जाड, सरळ आणि इतके निसरडे की रबर लावलं तर अर्ध्या तासात गळून पडतं. आई लहानपणी वैतागायची, हिच्या वेणीला पीळच बसत नाही म्हणून. असल्या केसांचे मी फेब्रुवारीत गोव्याला जाऊन ड्रेडलॉक्स, म्हणजे गुंता करून घट्ट केलेल्या जटांसारख्या बटा, करून घेतले, आरंबोलला. आठ तास बसून होते, मधे एकदाच भजी-पाव खायला उठले. करणाऱ्याने डोक्यावर इंचभराचे चौकोन पाडले, प्रत्येक बट बारीक कंगव्याने उलटी, म्हणजे टोकाकडून मुळाकडे विंचरून तिचा गुंता केला आणि मग क्रोशाच्या सुईने केस आत-बाहेर ओढून घट्ट केले. एकूण ४६ बटा झाल्या. पाठीच्या मध्यापर्यंत येणारे केस आता जेमतेम खांद्याला टेकतात.

शेवटी त्याने डबीतलं पिवळं मेण सगळीकडे चोळलं, प्रत्येक मुळाशी छोटं रबर बांधलं आणि सांगितलं, महिनाभर पाणी लावू नको. मी शहाण्यासारखं ऐकलं.

आता सात आठवडे झालेत. मुळाशी बोटाच्या पेराएवढे नवे केस आलेत, ते सरळच्या सरळ. टोकं रात्रीत उलगडतात. डोक्याला इतकी खाज की मीटिंगमध्ये पेनाने खाजवते. शिवाय आम्ही इचलकरंजीचे, घराला लागून मागाचं शेड. शेडमधे जाऊन आले की मेणाला कापसाचे तंतू चिकटतात. उजव्या बाजूच्या चार बटा तर म्हातारीच्या कापसासारख्या दिसायला लागल्यात.

आणि आजी. तिचं माहेर सौंदत्तीकडचं, यल्लम्माच्या डोंगराजवळचं. मला बघून पहिल्यांदा म्हणाली, "अगं बया, जट आली की गं तुला!" मी सांगितलं, आली नाही, पैसे देऊन करून घेतली. ते तिला अजिबात पटलेलं नाही. गेल्या मंगळवारी सकाळी उठले तर उशी पिवळी! मी झोपेत असताना तिने डोक्यावर भंडारा टाकला होता. आता बटांच्या आत हळद.

तर जाणकारांनो, धुवू का? मेण कसं काढू? मुळाशी परत सुई मारू का? आणि पावसाळ्यात काय करायचं? "कापून टाक" हे उत्तर घरी फुकट मिळतंय, इथे नको.

---

टवाळखोर

आमच्याकडे उलटे विंचरायलाही काही उरलेलं नाही. तुमचा जुना कंगवा विकायचा असेल तर तोही नको. वाचतोय.

---

कात्रजकर

टवाळखोर, रडू नका.

मागावरची, माझे केसही सरळच आणि ड्रेड्सना आठ वर्षं झाली. तुम्ही केलेली जवळजवळ प्रत्येक चूक मी करून झालो आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आज धुवा. उद्या नको, आजच. महिनाभर न धुणं हा सर्वात महागडा गैरसमज. सरळ केस आडवा कापून बघितला तर गोल असतो, त्याला वळण नाही. कुरळा केस चपटा आणि वळणाचा, तो शेजारच्याला आपोआप अडकतो. म्हणून जमैकातल्या रास्ताफारी (धर्म म्हणून जटा राखणाऱ्या) माणसाने कंगवा सोडला की त्याचं काम होतं, आपलं होत नाही. आपला केस फक्त घर्षणाने अडकतो आणि डोक्याचं तेल त्याच घर्षणाला मारतं. तेलकट सरळ केस म्हणजे तूप लावलेल्या शेवया. स्वच्छ, कोरडा, किंचित रखरखीत केस असला तरच गुंता धरतो.

आठवड्यातून दोनदा धुवा. शाम्पू पारदर्शक, पातळ घ्या. दुधाळ, "सिल्की स्मूथ" लिहिलेलं काही नको. कंडिशनर कायमचा बंद आणि खोबरेल तेल तर घरात लपवून ठेवा, आजी झोपेत तेही लावतील. रिठे चालतात, पण उकळून, फडक्यातून दोनदा गाळून फक्त पाणी. शिकेकाईची, आवळ्याची पूड, बेसन, मेंदी, यातलं काही लावू नका. पूड आत गेली की आतच राहते. (भंडाऱ्याचं तेच झालंय.) फेस फक्त टाळूवर करा, बटा रगडायच्या नाहीत. फेस वरून ओघळू द्या, बटा पिळा, मग परत पाणी, परत पिळा. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मेण. हे मात्र चिकट प्रकरण आहे. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांला वितळतं. तेवढं गरम पाणी डोक्यावर घेतलंत तर आधी तुम्ही वितळाल. म्हणून "गरम पाण्याने निघून जाईल" म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या डोक्यावर कधी मेण लावलेलं नसतं. मी असं केलं: एकेक बट जुन्या सुती फडक्यात किंवा टिश्यूत गुंडाळायची, वरून हेअर ड्रायरची गरम हवा मारायची आणि बोटांनी दाबायचं. मेण पातळ होऊन फडक्यात उतरतं, फडक्यावर पिवळा डाग दिसतो. टाळूपासून चार बोटं लांब राहा, चटका बसतो. मग भांड्यांच्या लिक्विडने फक्त तेवढी बट धुवायची. मला सहा रविवार लागले. पूर्ण निघालं असं शपथेवर सांगणार नाही, पण तंतू चिकटणं थांबलं.

मुळाची रबरं आजच बारीक कात्रीने कापून काढा. ओढून काढू नका. तिथलाच केस सगळ्यात आधी तुटतो आणि कपाळावरचा पट्टा विरळ झाला की तो लवकर भरून येत नाही.

नवे सरळ केस आलेत त्याची काळजी सोडा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तो वाढणारच. गुंता मात्र मागाहून, सावकाश चढतो. धुऊन वाळल्यावर बटेचं मूळ टाळूवर बोटाने गोल-गोल घासायचं, कायम एकाच दिशेने, बटेमागे अर्धा मिनिट. टीव्ही बघता बघता होतं. सुई दोन-तीन महिन्यांतून एकदाच मारा, ती ०.६ किंवा ०.७५ मिमीची असावी. जाड सुई केस ओढत नाही, तोडते. मी पहिल्या वर्षी दर शनिवारी सुई घेऊन बसायचो, आणि तिसऱ्या शनिवारी मांडीवर अर्ध्या इंचाच्या तुकड्यांचा सडा पडलेला दिसला. तेव्हा कळलं की घट्ट नाही, बारीक करतोय. बटेचं टोक मुळातून ओवून काढायची एक पद्धत कोणीतरी सांगेल. सरळ केसांत त्याने भोकं पडतात. नका करू.

आठवड्यातून एकदा शेजारशेजारच्या बटा मुळाशी धरून एकमेकींपासून हळूच फाडा. आवाज येतो, घाबरू नका. नाही फाडल्या तर सहा महिन्यांत ४६ च्या २० होतात. साधूंच्या जटा बघून लोक म्हणतात आपोआप होतात. होतात ना, पण बरीच वर्षं जातात आणि मागे एकच घोंगडी तयार होते.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात डोकं भयानक दिसेल. मधेच फुगवटे, बाहेर आलेले फास, कुठे शेपटी कुठे भोपळा. हे नीट चाललंय असं समजा. माझ्या लग्नाच्या फोटोत नेमका पाचवा महिना आहे.

आता पावसाळा. फक्त सकाळी धुवा, रात्री कधीच नाही. नवा टॉवेल तंतू सोडतो, जुना टीशर्ट वापरा. एकेक बट मुठीत धरून पिळा, मग पंख्याखाली बसा. संध्याकाळी सर्वात जाड बट मध्यावर चिमटीत धरून बघा. गार लागली तर आत ओल आहे, ड्रायर मारा. ओल राहिली की आत बुरशी धरते आणि भिजलेल्या गोणपाटासारखा वास येतो, तो कशानेच जात नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मला दोन बटा कापाव्या लागल्या. हेल्मेट ओल्या डोक्यावर घालायचं नाही, आणि पुढच्या वर्षी मोठ्या मापाचं घ्यावं लागेल.

तंतू आत्ता काढा. चिमटा घेऊन बसा, बटा सैल आहेत तोवर निघतात. घट्ट झाल्या की ते तुमच्या डोक्याचेच भाग. शेडमधे जाताना सॅटिनचा रुमाल बांधा, उशीलाही सॅटिनचाच अभ्रा.

---

पेडण्याचो

आधी एक, आरंबोल नव्हे हो, हरमल. आमच्या तालुक्यातला गाव तो, पाट्यांवर काहीही लिहू दे.

किनाऱ्यावर हंगामात बसणारे काही खरंच चांगले असतात, पण ते मार्चनंतर निघून जातात. मेण का लावतात? कारण त्या दिवशी बटा एकदम गुळगुळीत दिसतात, फोटो झकास येतो. सात आठवड्यांनी काय होतं ते बघायला तो माणूस जागेवर नसतो. पुढे कोणी करून घेणार असेल तर एकच विचारा, "मेण लावणार का?" हो म्हणाला तर उठा.

कात्रजकरांच्या सगळ्याला +१. मिठाच्या पाण्याचं राहिलं. कपभर पाण्यात चमचाभर मीठ, आठवड्यातून एकदा बटांवर फवारा, टाळूवर नको. केस रखरखीत होतात आणि धरतात. जास्त केलंत तर काड्यांसारखे मोडतील.

---

गडहिंग्लजची

मी थोडं वेगळं लिहिते, रागावू नकोस.

माझ्या मावशीला जट होती. आजारपणात दोन महिने केस विंचरले नव्हते, गुंता झाला, आणि शेजारणीने सांगितलं, देवी आली, आता कंगवा लावायचा नाही. झालं. अकरा वर्षं. कूस बदलताना आधी जट हाताने उचलून पलीकडे ठेवायची, मग मान वळवायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आत उवा. कापली तर घरावर कोप होईल म्हणून कोणी हात लावेना. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या बायका तीनदा घरी आल्या. दोनदा नुसत्या बोलून, चहा पिऊन गेल्या. तिसऱ्यांदा मावशी स्वतःच म्हणाली, कापा. काकांनी ती वाण्याच्या तराजूत घातली, किलोला थोडी कमी भरली. मावशी दिवसभर मान इकडेतिकडे हलवत बसली होती.

त्यामुळे तुझा धागा उघडला तेव्हा पहिल्यांदा डोकंच फिरलं माझं. पैसे देऊन? मग वाटलं, तुला उद्या नको झाली तर तू कात्री घेशील, कोणाला विचारणार नाहीस. मावशीला ते नव्हतं.

आजीशी वाद घालू नकोस. तिला वाटतंय ही आपोआप आली. तिच्या समोर बसून एक बट सुईने करून दाखव. कशी होते ते हातांनी कळू दे. आणि भंडारा देव्हाऱ्यात ठेवायला सांग, डोक्यात नको.

---

मागावरची

तीन आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. पेडण्याचो, हरमल, हरमल, हरमल.

पहिलं धुणं सांगते. पाणी आधी पिवळं, मग करडं, मग परत पिवळं. बालदीच्या तळाशी हळदीचा थर बसला होता. चार वेळा शाम्पू केला तेव्हा कुठे स्वच्छ पाणी आलं. खाज त्याच रात्री निम्म्यावर आली. रबरं कापली, ४६ पैकी ४५ सापडली. एक कुठे आहे देवाला ठाऊक. मेणाचे तीन रविवार झालेत, भावाचे दोन जुने बनियन कामी आले. चिमट्याने तंतू काढताना मात्र दोन बटा पार सुटल्या, त्या परत कराव्या लागणार होत्या.

गडहिंग्लजची, तुझं वाचून रात्री झोप लागली नाही. पण तू सांगितलंस तसंच केलं. त्या सुटलेल्या दोन बटा घेऊन आजीसमोर बसले. आमची आजी आयुष्यभर क्रोशाची तोरणं विणते हे मी लिहिलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन मिनिटं माझा खेळ बघितला आणि सुई हातातून काढून घेतली. "असं भोसकतात व्हय? तिरकी घाल." आणि तिरकी घातली. ती बट आता सगळ्यांत नीट आहे. दुसरी करायला मात्र तयार नाही, म्हणते डोळे दुखतात, आणि रुमालाचं काम याच्यापेक्षा बरं.

देवी नाही हे पटलंय का? अर्धवट. डोकं मंगळवारी आणि शुक्रवारी धुवायचं नाही, असा तह झालाय. भंडारा देव्हाऱ्यात गेलाय, झोपायची खोली मीही बदलली आहे.

आज गुरुवार, सकाळी धुतले. आत्ता मानेवरची जाड बट चिमटीत धरून बघितली तर गारच लागतेय. पंख्याखाली बसून हे टाइप करतेय, ड्रायर भावाच्या खोलीत आहे आणि तो दार उघडत नाहीये.