वडिलांची चेतक विकली म्हणून मी करंटा?

शनिवारातला

काल आमच्या घरच्या ग्रुपवर मावसभावाने एक पोस्ट टाकली. घासूनपुसून चकचकीत केलेली जुनी स्कूटर, हँडलला झेंडूचा हार आणि खाली मजकूर : 'ज्याने बापाची गाडी विकली, त्याने बापच विकला.' पाठोपाठ २७ जणांचे हात जोडलेले. मी २०१९ साली वडिलांची चेतक विकली हे त्या २७ जणांनाही माहीत आहे. तिथे तोंड उघडलं असतं तर दिवाळीचा फराळ बंद झाला असता, म्हणून इथे ओकतोय.

गाडी १९८४ची. वडिलांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, गाडी दारात आली तेव्हा मी बालवाडीत. एकाने लगेच 'ऑन', म्हणजे वरचे पैसे, देऊन मागितली, वडिलांनी दिली नाही. हार, पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत.

आणि पुढची २२ वर्षं मी काय पाहिलं? रोज सकाळी पावणेसातला, फर्स्ट शिफ्टच्या घाईत, बनियनवर उभं राहून किका मारणारा माणूस. दहा झाल्या, पंधरा झाल्या, की प्लग काढायचा. तो काळा, ओला. स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर भाजायचा (आईचा चहा खाली उतरवून), पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा बसवायचा. मी टॉर्च धरून उभा. कुठेही धरली तरी उजेड नेमका चुकीच्या जागी. 'गाढवा, प्लगवर धर, माझ्या टकलावर नको.' हाच काय तो माझा वारसा.

वडिलांना स्कूटरची हौस बिलकूल नव्हती. दुसरं काही परवडत नव्हतं आणि मिळतही नव्हतं. २००६ला मी त्यांना बटणस्टार्ट गाडी घेऊन दिली, त्या दिवसापासून त्यांनी चेतककडे ढुंकून पाहिलं नाही. १३ वर्षं ती जिन्याखाली उभी. ते गेल्यावर मेकॅनिक साडेचार हजार देतो म्हणाला, मी घेतले, आईला मिक्सर आणला. रडलो नाही.

आता ज्याला कुणाला मला करंटा म्हणायचंय त्याने आधी आपल्या आजोबांची सायकल कुठे आहे ते सांगावं.

दहाबाराचा पाना

साडेचार हजार! अहो, ८४चं मॉडेल, ओरिजिनल पत्रा. तुमच्या मेकॅनिकने त्या दिवशी घरी पुरणपोळी केली असेल.

मी प्रिया बाळगून आहे. साताऱ्यात बनलेली, महाराष्ट्र स्कूटर्सची. वडिलांची. इंजिन दोनदा उघडलंय, दोन्ही वेळा मी, घराच्या गच्चीवर, श्रीखंडाच्या डब्यांत नटबोल्ट वेगवेगळे ठेवून. वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली : कार्बोरेटरचा जेट तोंडाने फुंकायचा, त्यात टाचणी घालायची नाही. भोक केसभर मोठं झालं की गाडी आयुष्यभर पेट्रोल पीत राहते. आठवीत असताना मी टाचणी घातली होती. त्यांनी मारलं नाही, नवा जेट आणायला नाना पेठेपर्यंत चालत पाठवलं. आज कुठलीही बंद पडलेली वस्तू समोर आली की माझा हात आधी फुंकर मारायला जातो. हे विकता येतं का साडेचार हजाराला?

तुम्हाला टॉर्च धरायला लावली कारण त्यांना तुम्ही जवळ हवे होतात. तुम्हाला ते २०२५मध्येही कळलेलं नाही.

शनिवारातला

वा! माझे वडील मला काय वाटून टॉर्च धरायला लावत होते हे तुम्हाला कळलं, मला नाही. अंधार होता हो, अंधार. दुसरं काही नाही.

चेअरमन नाइलाजाने

शनिवारातल्यांना माझ्याकडून शालनारळ. आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट, दुचाकींच्या जागा ६०, त्यातल्या ७ जागांवर 'बाबांची आठवण' उभी आहे. हवा नाही, नंबरप्लेट नाही, एका स्कूटरच्या पुढच्या डिकीत मांजर व्यालं. हलवा म्हटलं की डोळ्यांत पाणी. आणि एक फियाट आहे ताडपत्रीखाली, मालक अमेरिकेत, मेंटेनन्स दोन वर्षं थकलेला. आठवणी तुमच्या आणि पार्किंग आमचं, हे बरंय.

एडिसनकर

चेअरमन, तुम्ही माझ्या सोसायटीचे नाही हे मला माहीत आहे, कारण माझा मेंटेनन्स वेळेवर जातो. पण फियाट माझीही आहे, नाशिकला, आजोबांची पद्मिनी. स्टिअरिंगला गिअर असलेली. आजोबा दवाखान्यात जाताना मला पुढे बसवायचे आणि तो दांडा वर-खाली करायला द्यायचे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा ज्यांनी कधी ती जिथे बनायची त्या कुर्ल्याच्या कारखान्याची भिंतही पाहिली नव्हती त्यांनीसुद्धा स्टेटस ठेवले होते. मी ठेवली ती गाडी ठेवली. एक गडी महिन्यातून दोनदा चालू करून पाहतो.

चेअरमन नाइलाजाने

गडी पाहतो. वारसा गड्याकडे गेला मग. त्याच्याच नावावर करून टाका.

शनिवारातला

एडिसनकर, कागदांचं काय करता? माझं पासिंग संपलेलं होतं. १५ वर्षांवरच्या दुचाकीची फेरनोंदणी १ एप्रिल २०२२पासून ३००ची १००० झाली, आणि २०२५मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकींना २०००. चारचाकीला १०,०००. ते भरून पुढची पाच वर्षं, मग पुन्हा आहेच. वर पर्यावरण कर, वर त्या नव्या नंबरप्लेटचा घोळ. आणि 'विंटेज' म्हणाल तर गाडी ५० वर्षांची लागते, नोंदणीला २०,०००, आणि रोज चालवायची नाही. माझी २०३४ला विंटेज झाली असती. तोवर जिन्याखाली मांजर.

दहाबाराचा पाना

पाच वर्षांना २०००, म्हणजे महिन्याला ३३ रुपये. टपरीवर दोघांचा चहा. दुसरं कारण शोधा.

कोथरूडचा टोण्या

सगळं सोडा. शनिवारातल्यांनी १५ किका मारणारे वडील सांगितले, पण एकदाही गाडी तिरकी केल्याचं लिहिलं नाही. चेतक होती ना नक्की? तिरकी न करता चेतक चालू करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

शनिवारातला

करायचे हो. डावीकडे उभं राहून स्वतःच्या अंगावर घ्यायचे.

कृष्णाकाठ

डावीकडे? इंजिन उजवीकडं असतंय. तिरकी करायची ती उजवीकडं. आमच्या तात्यांनी ३० वर्षं उजवीकडंच केली.

दहाबाराचा पाना

तात्यांचं तात्यांपाशी. उजवीकडे किक असते, इंजिनचं वजनही तिकडेच, त्या बाजूला झुकवली तर सावरायला दोन माणसं लागतील. डावीकडे उभं राहायचं, एक हात हँडलला, एक सीटला, आणि आपल्याकडे ओढायची. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल आत सांडतं, मिश्रण घट्ट होतं, थंड इंजिन पेट घेतं. बस. हाच चोकचा गरीब भाऊ.

कोथरूडचा टोण्या

साफ चूक. तिरकी करायची ती टाकीतलं तळाचं पेट्रोल कॉकपर्यंत, म्हणजे टाकीच्या नळापर्यंत, यावं म्हणून. रिझर्व्हही संपलं की मग. सकाळच्या थंड इंजिनाशी काही संबंध नाही.

दहाबाराचा पाना

टाकी भरलेली असतानाही लोक तिरकी करायचे. ते काय व्यायाम म्हणून?

कोथरूडचा टोण्या

हो. सवय म्हणून. जसं लिफ्टचं बटण आधीच लागलेलं असताना आपण पुन्हा दाबतो.

कृष्णाकाठ

दोन्ही बाजूंनी केली तर दोन्ही कामं होतात. आणि पाना साहेब, तात्यांना मध्ये आणायचं नाही. तात्यांनी त्या गाडीवरनं उसाची मोळी आणलीय, बायकोसकट चौघं आणि एक शेळी. तुमच्यासारखं गच्चीवर पूजा घालून ठेवली नव्हती.

दहाबाराचा पाना

पूजा घालत नाही, चालवतो. आणि हल्ली ती चालत नाही तर ते तुमच्या उसामुळे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊन जुन्या रबरी नळ्या फुगायला लागल्या, टाकीत पाणी धरतं, गंज येतो. दोन वर्षांत पेट्रोलचा पाइप दोनदा बदलला, कार्बोरेटरचं पॅकिंग तीनदा.

कृष्णाकाठ

आलात वळणावर! साखरेला भाव नाही तेव्हा कुठं होता तुम्ही? इथेनॉलचे पैसे आले म्हणून कारखान्याची बिलं वेळेत निघाली. तुमच्या ४० वर्षं जुन्या खेळण्याचा पाइप फुगला म्हणून आम्ही ऊस पेटवून द्यायचा का? १०० रुपयाचा नवा पाइप घाला. महिन्याला ३३ रुपये चहाला आहेत ना तुमच्याकडं.

कोथरूडचा टोण्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण कुणीतरी सांगा, डावीकडे की उजवीकडे?

माहेरचा गॅरेज

इतका वेळ वाचत होते. सगळे भाऊ, मुलगे आणि नातू बोलले.

टॉर्च मीसुद्धा धरली. भाऊ क्रिकेटला जायचा, म्हणून मी. बाबांची बजाज सुपर. नववीपर्यंत मला क्लचवायर बदलता यायची, गिअरची वायर तुटली की तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी घरी कशी आणायची तेही. प्लगची गॅप करवतीच्या पात्याने मोजायची हे मला बाबांनी दाखवलं, भावाला नाही. पॉइंट (प्लगला ठिणगी वेळेवर देणारे कॉन्टॅक्ट) घासताना बाबा स्वतःशीच पुटपुटायचे, 'थोडंसं, थोडंसं', तेवढंच. कौतुक वगैरे नाही. पण मी घासलेला पॉइंट त्यांनी पुन्हा कधी घासला नाही.

बाबा गेले. गाडी भावाच्या नावावर करायची ठरली. ठरली म्हणजे, मला कळवलं. वारसाने नावावर करून घ्यायचा ३१ नंबरचा फॉर्म असतो, त्याच्यासोबत बाकी वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. तेव्हा फोन आला, 'ताई, आधार घेऊन ये, फक्त सही करायचीय.' त्या गाडीच्या बाबतीत मी वारस होते ती तेवढी एका सहीपुरती. केली सही. वहिनीने चहा केला.

गाडी आता भावाच्या हॉलमध्ये आहे. हॉलमध्ये! टीव्हीशेजारी, दिवे लावून. इंजिनात ऑइल नाही, कारण फरशीवर डाग पडतात. गेल्या गणपतीत मी सहज क्लच दाबून पाहिला, वायर तुटलेली. म्हटलं बदलून देते. भाऊ म्हणाला, 'राहू दे गं, चालवायची कुठे आहे.'

शनिवारातले, तुम्ही विकलीत ते मला निदान समजतं.

शनिवारातला

ताई, यावर काय लिहू. मलाही बहीण आहे. साडेचार हजारांचं तिला नंतर सांगितलं. म्हणजे मिक्सर आल्यावर.

दहाबाराचा पाना

ताई, तुमच्यापुरतं मान्य. हॉलमध्ये ठेवणं हे विकण्यापेक्षा वाईट, हे लिहिताना बोटं अडखळताहेत पण लिहितो. भावाला सांगा, निदान प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडायचं आणि महिन्यातून एकदा हळू किक मारायची, नाहीतर पिस्टन जाम होईल आणि मग खरोखरच शोपीस. शनिवारातल्यांना मात्र माफी नाही. त्यांनी बहिणीलाही विचारलं नाही, आत्ताच कबूल केलंय.

एडिसनकर

ताईंचं वाचून नाशिकला फोन केला. गडी म्हणाला, मार्चपासून बॅटरी उतरलीय, तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. चेअरमन, हसू नका.

चेअरमन नाइलाजाने

हसत नाहीये. (हसतोय.) ताईंना विचारायचं होतं, आमच्याकडच्या ७पैकी एखादी चालू करून द्याल का? मालक नेतील तरी. पेट्रोल सोसायटीचं.

माहेरचा गॅरेज

मांजराची पिल्लं मोठी झाली की कळवा. सगळ्या गाड्यांचे प्लग पाने लागतील, आणि टॉर्च धरायला एक माणूस.

शनिवारातला

टॉर्च धरायला मी येणार नाही, आधीच सांगतो.

कृष्णाकाठ

तात्यांना फोन लावला होता. ८१ वय. विचारलं, तिरकी कुठल्या बाजूला करायचा? ते म्हणाले, 'ज्या बाजूला चिखल नसंल त्या.'

कोथरूडचा टोण्या

हे उत्तर ग्राह्य धरता येणार नाही.

दहाबाराचा पाना

आत्ता रात्री साडेअकराला खाली जाऊन दोन्ही बाजूंना करून आलो. डावीकडे झुकवली, तिसऱ्या किकेत चालू. उजवीकडे नेताना कंबर धरली. वॉचमन विचारतोय, साहेब गाडी चोरीची आहे का. आयोडेक्स लावून पडलोय. डावीकडे.

कोथरूडचा टोण्या

टाकीत पेट्रोल किती होतं ते लिहा आधी.