मदत हवी आहे : सूचनापत्रिका नसलेल्या जुन्या लाकडी वाघिणींची किट कोणत्या क्रमाने जोडावीत?

नमस्कार मंडळी,

पेनसिल्व्हेनियात आमच्या गावाजवळ रेल्वे मॉडेलचा जुना बाजार भरतो. तिथे गेल्या ऑक्टोबरमध्ये मला मालगाडीच्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, दोन लाकडी किट मिळाली. (माझे वडील मिरजेच्या मालधक्क्यावर नोकरीस होते, त्यामुळे माझ्या तोंडी वाघीण हाच शब्द येतो.) दोन्ही किट एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातील असून खऱ्या गाडीचा एक फूट त्यात साडेतीन मिलिमीटर होतो. खोक्यांवरची लेबले फाटून गेली आहेत आणि सूचनापत्रिका एकाही खोक्यात नाही. अँब्रॉइड, सिल्व्हर स्ट्रीक, क्वालिटी क्राफ्ट, ला बेल अशा अनेक अमेरिकन कंपन्यांनी या धर्तीची किट काढली असल्यामुळे केवळ लाकूड पाहून निर्माता ओळखणे मला जमलेले नाही.

भाग जवळजवळ सगळे आहेत. अडचण आहे ती कोणता भाग कशाच्या आधी चिकटवायचा याची. प्लास्टिकच्या किटमध्ये खाच आणि खुंटी आपली जागा स्वतःच सांगतात. इथे मात्र बासवुड या मऊ लाकडाच्या पट्ट्या, फळ्यांच्या रेघा कोरलेले पातळ तक्ते, तळाचा एक जाड तुकडा आणि ओतीव धातूच्या बारीक भागांचे एक पाकीट एवढेच हाती येते, आणि एकदा छप्पर चिकटवले की आत हात घालता येत नाही.

आतापर्यंत जे समजले आहे ते आधी सांगतो, म्हणजे माझे कुठे चुकत असेल तर आपल्याला दाखवता येईल. पहिल्या किटचा तळ १२६ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे ही ३६ फुटी वाघीण झाली. त्याच्या पाकिटात आठ क्वीन पोस्ट (तळाखालचे आखूड खुंट) आणि चार टर्नबकल (पिळून सळई ताणण्याचे जोड) निघाले. प्रत्येक ट्रस रॉडला, म्हणजे तळाला खालून आधार देणाऱ्या ताणलेल्या सळईला, दोन पोस्ट आणि मध्ये एक टर्नबकल लागतो, तेव्हा या वाघिणीच्या पोटाखाली चार रॉड असणार, असा हिशेब मी मांडला. तळाच्या खालच्या बाजूवर आधीच्या मालकाने पेन्सिलीने दोन आडव्या रेघा मारून ठेवलेल्या आहेत, दोन्ही टोकांपासून बरोबर साडेसतरा मिलिमीटरवर, म्हणजे खऱ्या मापात पाच फुटांवर. त्या बोल्स्टरच्या, म्हणजे बोगीवर (चाकांच्या गाड्यावर) टेकणाऱ्या तुळईच्या मध्यरेषा असाव्यात. ज्या कोणी हे काम सुरू केले होते त्याचा हात फार नेमका होता; त्या रेघा मी पुसलेल्या नाहीत आणि त्यांच्याच आधाराने पुढे जाणार आहे.

दुसऱ्या किटचा तळ १४० मिलिमीटरचा, म्हणजे ४० फुटी वाघिणीचा आहे. हिच्या बाहेरच्या अंगाला सांगाडा दिसतो आणि फळ्या त्याच्या आत असतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्यावर जे प्रमाणित आराखडे काढले, त्यांतही बाहेरून सांगाडा असलेली ५० टनी वाघीण होती. माझे किट त्याच आराखड्याचे आहे असे मी म्हणत नाही, पण घराणे तेच दिसते.

इथे पहिली शंका येते. ३६ फुटी वाघिणीच्या पाकिटात ब्रेकचे तीन सुटे भाग आहेत : सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप. ४० फुटीच्या पाकिटात मात्र हे तिन्ही एकाच ओळीत जोडलेला अखंड ओतीव तुकडा आहे. माझ्या माहितीप्रमाणे तीन सुट्या भागांची रचना एबी ब्रेकची आहे आणि नव्या वाघिणींना तो १९३३ पासून सक्तीचा झाला. अखंड तुकडा त्याआधीच्या के ब्रेकचा आहे. ट्रस रॉडवर तोललेल्या जुन्या लाकडी वाघिणीखाली एबी ब्रेक शोभत नाही. ४० फुटी वाघिणीला सुरुवातीला के ब्रेक असला तरी पुढे एबी बसवला गेला असणे सहज शक्य आहे. म्हणून दोन पाकिटांतील भागांची कधीतरी अदलाबदल झाली असावी असे मला वाटते. ती मी परत फिरवली तर योग्य होईल का?

दुसरा प्रश्न तिरप्या पट्ट्यांचा आहे. बाहेरच्या सांगाड्यातील तिरप्या पट्ट्या प्रॅट पद्धतीत मधल्या दाराकडे खाली उतरतात आणि हाऊ पद्धतीत दाराकडे वर चढतात. किटमधील सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या असल्यामुळे त्या दोन्ही प्रकारे चपखल बसतात, आणि बाजूच्या तक्त्यावर खूण कोठेच नाही. खोक्यात डेकल, म्हणजे नाव-क्रमांकाची चिकटचित्रे, नसल्यामुळे रेल्वे कंपनीवरूनही दिशा ठरवता येत नाही. पट्ट्यांच्या टोकांना कारखान्यातच दिलेल्या तिरक्या कापावरून ही दिशा ओळखण्याची काही रीत आहे का?

आता ज्यावर सगळे काम अडले आहे त्या क्रमाविषयी. ट्रस रॉडसाठी पाकिटात काळा दोरा आहे, पण त्याला लव असल्यामुळे रंग दिल्यावर तो केसाळ दिसतो. खरा रॉड साधारण एक ते सव्वा इंच जाडीचा धरला तर आपल्या मापात तो जेमतेम ०.३ ते ०.३६ मिलिमीटरचा होतो, म्हणून मी ०.३ मिलिमीटरची मासेमारीची नायलॉन दोरी घेतली आहे. टाकाऊ फळीवर चाचणी घेताना मी ती जरा जास्त ओढली आणि फळीचा मध्यभाग एक मिलिमीटर वर उचलला गेला. खऱ्या वाघिणीत टर्नबकल पिळून वाकलेला तळ उचलत असत, तेच इथे नको तितके घडले. त्यामुळे दोरी कधी ओवावी हे मला ठरवता येत नाही. दोन्ही बाजू, टोके आणि छप्पर बसवून खोके ताठ झाल्यावर ओवावी, तर तिची टोके तळाच्या आतून गाठीने अडकवण्याची सोय राहत नाही. आधी ओवावी, तर तळ वाकण्याची भीती राहते.

वजनाचेही तसेच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचे वजन एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस इतके असावे. ३६ फुटी वाघीण पाच इंचांची आहे, तेव्हा साडेतीन औंस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम व्हायला हवेत. बोग्यांसह सगळे भाग तराजूवर ठेवले तर ३८ ग्रॅम भरतात, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर पोलाद आत बसवावे लागेल. आमच्याकडे हिवाळ्यात घरातील हवा हीटरमुळे कोरडी पडते आणि उन्हाळ्यात दमट होते. लाकूड त्याप्रमाणे हलते आणि धातू तसा हलत नाही, त्यामुळे गोंद काही वर्षांनी सुटतो. बंद छपराखाली सुटलेले वजन मला नको आहे. आपण ते केवळ चिकटवता, की आडव्या पट्ट्या ठोकून जखडून ठेवता?

शेवटची गोष्ट तक्त्यांची. ३६ फुटीच्या एका बाजूला मी पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद फक्त आतून लावला आणि रात्रीत ती पापडासारखी वाकली. ओलसर करून, दोन सपाट काचांमध्ये दाबून ती मी तीन दिवसांत सरळ केली. आता दोन्ही अंगांना सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा लेप) देऊन, बारीक पॉलिश पेपर मारून मगच जोडावे असा विचार आहे. पण आतून सीलर दिलेल्या पृष्ठभागावर लाकडाचा गोंद पुरेसा धरेल का? की गोंद लागणाऱ्या कडा चिकटपट्टीने झाकून सीलर द्यावा?

ज्यांनी अशी किट पूर्ण केली आहेत त्यांनी छप्पर बसवण्याआधी काय काय उरकले ते क्रमाने लिहावे, ही विनंती. कपलरची, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या आकड्याची, उंची रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिलिमीटर यायला हवी. ती बोल्स्टर चिकटवण्यापूर्वी बोग्या तात्पुरत्या लावून तपासली की नंतर चकत्या घालून जुळवली, तेही सांगावे. पूर्ण झालेल्या वाघिणीच्या पोटाचे छायाचित्र असल्यास फार उपयोग होईल, कारण विक्रीसाठी काढलेल्या छायाचित्रांत बहुधा बाजूच दिसतात आणि ब्रेकच्या दांड्या ट्रस रॉडच्या वरून जातात की मधून, हे त्यांतून कळत नाही. तोपर्यंत मी दोन्ही वाघिणींच्या बाजू फक्त रबरबँडने धरून ठेवल्या आहेत आणि गोंदाची बाटली बंद आहे.