वॉटर हीटरचं २००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट – कोड कुठे मिळतो? (तातडीने मदत हवी)

गळका_नळ
नमस्कार मंडळी. डिसेंबरात गॅसचा जुना वॉटर हीटर फुटला आणि तळघरात तळं झालं. त्याजागी हीट पंपवाला (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारा, विजेचा) घेतला. बसवणारा म्हणाला, "सरकार २००० डॉलर परत देतं", म्हणून घेतला. नाहीतर साधा गॅसचा निम्म्यात आला असता. आता टॅक्स भरायला बसलोय तर सॉफ्टवेअर चार अक्षरी कोड मागतंय. बिलावर नाही, खोक्यावर नाही. बसवणारा फोन उचलत नाही. कोड कुठे मिळेल एवढंच सांगा, टॅक्सवर भाषण नको. रविवारी रिटर्न पाठवायचाय.

चहाटळ_काका
तो क्यूएमआयडी, म्हणजे उत्पादकाचा ओळख-कोड. मॉडेलचा नसतो, कंपनीचा असतो. कंपनीच्या वेबसाइटवर टॅक्स क्रेडिटच्या पानावर मिळेल. २०२५ च्या रिटर्नसाठी तो फॉर्म ५६९५ वर (हे क्रेडिट मागायचा फॉर्म) टाकावाच लागतो.
पण आधी सांगा: बसवला कधी? राज्य कोणतं? घर राहतं की भाड्याने दिलेलं?

गळका_नळ
धन्यवाद काका! राहतं घर, व्हर्जिनिया. १९ डिसेंबरला पूर्ण पैसे दिले, रीतसर बिल आहे. कोड शोधतो.

शेवटचा_बाक
पैसे कधी दिले ते विचारलंच नाही. बसवला कधी?

सदाशिव_पेठी
आम्ही पुण्यात छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं. पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान थेट बँकेत जमा झालं. पॅनेल मात्र भारतीय बनावटीचेच घ्या, नाहीतर अनुदान नाही. पोर्टलवर अर्ज सोपा आहे.

शेवटचा_बाक
आजोबा, धागा अमेरिकेतल्या टॅक्सचा आहे.

सदाशिव_पेठी
माहिती म्हणून दिली. वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

निळी_ज्योत
मुळात हीट पंपवाला घेतलातच कशाला? आमच्याकडे होता. भारतातून आई-बाबा आले, दोघांना आंघोळीला बादलीभर कढत पाणी लागतं. दोन बादल्या आणि मागोमाग मुलांचे शॉवर झाले की तिसऱ्याला गारेगार. पुन्हा तापायला दोन-अडीच तास. शेवटी काढून गॅसचा बसवला. क्रेडिट गेलं खड्ड्यात.

चहाटळ_काका
@निळी_ज्योत, टाकी किती गॅलनची होती? आणि 'हायब्रिड' मोडवर टाकून पाहिला होता का? पाहुणे आले की नुसत्या हीट पंप मोडवर ठेवायचा नसतो, हायब्रिडमध्ये विजेची कॉइलही मदतीला येते. आमच्याकडे ८० गॅलनचा आहे, सासूबाई तीन महिने राहून गेल्या, तक्रार नाही. (पाण्याबद्दल.)

निळी_ज्योत
५० गॅलनचा. मोड-बिड बघायला मी काय विमान चालवतेय? शिवाय तळघर थंडगार पडतं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

चहाटळ_काका
पडणारच! तो खोलीतल्या हवेतली उष्णता ओढूनच पाणी तापवतो, म्हणून तर वीज कमी लागते. उन्हाळ्यात तळघराची दमट हवा कोरडी होते ते वेगळंच.

गळका_नळ
काका, ताई, कृपया.
कोड मिळाला. माणूस बसवायला ९ जानेवारीला आला, मध्ये सुट्ट्या होत्या ना. पण बिल डिसेंबरचंच आहे. मग क्रेडिट २०२५ मध्येच दाखवायचं ना?

शेवटचा_बाक
हेच विचारत होतो, काका आणि मी.
वाईट वाटतंय, पण मिळणार नाही. हे क्रेडिट (कलम २५सी) २०२२ च्या कायद्याने वाढवलं होतं आणि २०३२ पर्यंत चालणार होतं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नव्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपवलं. त्यात तारीख धरतात ती वस्तू बसवून चालू झाल्याची. खरेदीची धरत नाहीत. तुमचा हीटर १९ डिसेंबरला गोदामात होता. २०२५ मध्ये बसत नाही, आणि २०२६ साठी क्रेडिटच उरलेलं नाही.

गळका_नळ
नऊ दिवसांसाठी???

हिशेबी_भाऊ
बिलावर डिसेंबर आहे ना? मग टाका डिसेंबर आणि विसरून जा. बिल रिटर्नबरोबर जोडायचं नसतंच. एवढ्या रकमेसाठी कोण तळघरात बघायला येतंय?

शेवटचा_बाक
असले सल्ले लेखी कशाला देता? काउंटीच्या (स्थानिक प्रशासनाच्या) परमिटवर इन्स्पेक्टरची सही आणि तारीख असते. ती जानेवारीची असणार. खालची सही रिटर्न भरणाऱ्याची, तुमची नाही.

हिशेबी_भाऊ
ठीक आहे साहेब, सगळे हरिश्चंद्र. त्यांचं २००० चं नुकसान तुम्ही भरून द्या. (ह.घ्या.)

पेनसिल्व्हेनियाची_पमा
फेडरल रिबेटचं (केंद्र सरकारची किमतीतली सूट, टॅक्सपेक्षा वेगळी) कुणी बोललंच नाही. हीट पंप वॉटर हीटरला १७५० डॉलरपर्यंत मिळू शकतात. पण पैसे राज्यामार्फत येतात, त्यामुळे आपल्या राज्यात चालू आहे का ते बघावं लागतं. मंजुरी आधी आणि काम नंतर, झालेल्या कामाला मिळत नाही. शिवाय कुटुंबाचं उत्पन्न त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या दीडपटीपेक्षा कमी हवं. वीज कंपनीचं रिबेट मात्र वेगळं असतं, ते बसवल्यानंतरही कधीकधी मिळतं. त्यांच्या साइटवर मुदत बघा, आजच.

गळका_नळ
दोघांचे पगार धरले तर उत्पन्नात बसणार नाही. वीज कंपनीचं बघतो.
वैताग आलाय खरं सांगायचं तर. जूनमध्ये एसी बदलला त्यात ११,४०० गेले (त्याचा इथे संबंध नाही), आता हे.

चहाटळ_काका
थांबा. 'एसी बदलला' म्हणजे नक्की काय बदललं? हिवाळ्यात घर कशाने गरम होतं?

गळका_नळ
त्याच युनिटने. गॅसची फर्नेस काढून टाकली तेव्हाच. का?

चहाटळ_काका
अहो, मग तो नुसता एसी नाही, हीट पंप आहे, हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करतो! त्यालाही हेच क्रेडिट आहे. जून २०२५ मध्ये बसवून चालू झाला ना? ११,४०० चे ३० टक्के ३,४२०, मर्यादा २०००. तुमचे २००० डॉलर घराबाहेर भिंतीला टेकून उभे आहेत आणि तुम्ही तळघरात शोधताय.

शेवटचा_बाक
+१. आणि २००० ची मर्यादा हीट पंप आणि हीट पंप वॉटर हीटर दोघांना मिळून, वर्षाची. म्हणजे हीटर ३१ डिसेंबरला बसला असता तरी एक पैसा जास्त मिळाला नसता. हिशेबी_भाऊ, तुमचा जुगाड फुकटच गेला असता.
मात्र प्रत्येक हीट पंप चालत नाही, कार्यक्षमतेच्या वरच्या श्रेणीतला लागतो. मॉडेल नंबर?

गळका_नळ
टॉर्च घेऊन मागे जाऊन आलो. बाहेरच्या युनिटवरचा स्टिकर झुडपाच्या बाजूला आहे, वाकून फोटो काढला तर शेवटचे तीन आकडे पुसट.

शेवटचा_बाक
नुसत्या बाहेरच्या नंबरावर भागतही नाही. आतलं आणि बाहेरचं युनिट मिळून जोडी पात्र ठरते. एएचआरआय (एसी-हीट पंप प्रमाणित करणारी संस्था) प्रमाणपत्र असेल, त्यावर दोन्ही नंबर असतात. कागद शोधा.

पेनसिल्व्हेनियाची_पमा
तेव्हा इलेक्ट्रिक पॅनेलही (घराचा मुख्य विजेचा बोर्ड) बदललं होतं का?

गळका_नळ
हो, २०० अँपचं. २,४०० वेगळे घेतले. त्याचंही काही आहे की काय?

पेनसिल्व्हेनियाची_पमा
हीट पंप पात्र ठरला तर आहे. त्याच्यासाठी पॅनेल बदललं असेल तर ३० टक्के, जास्तीत जास्त ६००, आणि हे त्या २००० च्या बाहेर. परताव्यात भर म्हणून नाही हं, तुमच्या एकूण टॅक्समधून वजा होतं. दोन पगार आहेत, तेवढा टॅक्स नक्की असेल.

गळका_नळ
एएचआरआयचा कागद सापडला. बायकोने 'घर – जून' अशा फाइलमध्ये लावून ठेवला होता, वर पिवळी चिठ्ठी: "टॅक्सला लागेल". जोडी पात्र युनिटांच्या यादीत आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

सदाशिव_पेठी
हे २००० डॉलर भारतातल्या एसीवर मिळतात का?